अवघड जागेचे दुखणे



'अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य' ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. ऐकतो, हसतो आणि सोडून देतो. आज मात्र त्या म्हणीतल्या दुखण्याविषयीच आम्हांला बोलावयाचे आहे. पुरुषाच्या वृषणाला संसर्गाने येणारी सूज आणि वेदना हा आजचा विषय. समोर भगिनी बसल्या आहेत, त्यांच्यापुढे हे कसे बोलावे, असा प्रश्न आमच्याही मनात क्षणभर येऊन गेला. परंतु तेरा-चौदा वर्षांचा मुलगा मध्यरात्री 'पोटात दुखतंय' म्हणून उठतो तेव्हा तो पहिली हाक आईलाच मारतो, आणि नवरा चार दिवस पाय फाकून चालतो आहे हे पहिल्याने बायकोच्याच ध्यानात येते. तेव्हा हे ज्ञान पुरुषांइतकेच त्यांच्याही उपयोगाचे आहे.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती लोकांनी एकत्र बसून आपल्या हिताच्या गोष्टी ऐकाव्यात म्हणून. शरीराच्या या भागाविषयी मराठीत स्पष्ट बोलण्याची किंमत पुढे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मोजली. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक पदराला खार लावून चालविले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. निकाल विरुद्ध गेला, तरी कर्व्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. आज असे बोलल्याबद्दल आम्हांला कोणी कोर्टात खेचणार नाही. मग बोलण्याचा संकोच तरी का बाळगावा?

आणि हा संकोच आपल्या पूर्वजांचा म्हणावा, तर तेही खरे नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात बाराव्या अध्यायात 'वृद्धी' म्हणजे अंडवृद्धी या रोगाचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांत पाणी साठून होणारी वृद्धी निराळी आणि आतडे उतरून होणारी निराळी, असा भेदही केला आहे. आपण मात्र आज 'पाणी उतरलं', 'ओझं उचलल्यानं झालं', 'नळ भरले' असे काहीतरी म्हणतो आणि सगळ्या दुखण्यांना एकाच गाठोड्यात बांधतो. ते गाठोडे सोडणे हे आजचे पहिले काम.

शरीराची रचना थोडक्यात पाहू. त्वचेच्या पिशवीत, म्हणजे वृषणकोशात, दोन वृषणे असतात. प्रत्येक वृषणाच्या पाठीशी एक लांबट, मऊ वळकटी चिकटलेली असते. तिला अधिवृषण म्हणतात. ही वळकटी म्हणजे एकच बारीक नळी वेटोळी घालून बसलेली असते. ती उलगडली तर सुमारे सहा मीटर भरेल. वृषणात तयार झालेले शुक्रजंतू या नळीत परिपक्व होतात, तेथून शुक्रवाहिनीने वर जातात आणि शेवटी मूत्रमार्गाला येऊन मिळतात. म्हणजे लघवीची वाट आणि बीजाची वाट शेवटी एकच होते. आजच्या विषयाची निम्मी उकल या एका गोष्टीत आहे. ज्या वाटेने बीज बाहेर येते, त्याच वाटेने रोगजंतू उलटे आत शिरतात. प्रथम अधिवृषण सुजते, मग सूज वृषणापर्यंत पोहोचते.

जंतू कोणते, हे बहुतांशी वयावरून ठरते. साधारण पस्तिशीच्या आतल्या पुरुषांत ते बहुधा शरीरसंबंधातून आलेले असतात. परमा हा आपल्याला नावाने ठाऊक असलेला रोग; त्याच्याच जोडीचा क्लॅमिडिया हा दुसरा. या दुसऱ्याची पुष्कळदा काहीच लक्षणे दिसत नाहीत, त्यामुळे तो अधिक फसवा. पस्तिशीनंतर, विशेषतः साठीच्या पुढे, गोष्ट वेगळी असते. प्रोस्टेट ग्रंथी वाढते, लघवी पूर्ण सुटत नाही, मूत्राशयात तुंबून राहते. तुंबलेल्या पाण्यात जंतू वाढतात हे विहिरीला जसे लागू, तसेच देहालाही. लघवीसाठी नळी घातलेली असली तरी हेच होते. तेव्हा एखाद्या आजोबांच्या वृषणाला सूज आली म्हणून त्यांच्या चारित्र्याची चर्चा करणे हे अज्ञान आहे आणि पापही आहे. त्यांना मधुमेह असेल तर मात्र दुप्पट घाई करावी. वृषणकोशाची त्वचा काळी पडू लागली, दुर्गंधी येऊ लागली, ताप चढला, तर तास न दवडता शस्त्रवैद्याकडे न्यावे. तेथे प्रश्न जिवाचा असतो.

या संसर्गाची लक्षणे सहसा एक-दोन दिवसांत हळूहळू वाढतात. एका बाजूला जडपणा, मग ठणका, कोशाला लाली आणि ऊब, जांघेपर्यंत ओढ, लघवीला जळजळ, अंगात कसर. पण येथेच आम्हांला आजच्या व्याख्यानातील सर्वांत महत्त्वाची सूचना द्यावयाची आहे. तेवढी एक लक्षात ठेवलीत तरी आमचे श्रम सार्थकी लागले.

वृषण ज्या दोरीला लोंबते, त्या दोरीलाच कधीकधी पीळ पडतो. हा संसर्ग नव्हे. त्या दोरीतून रक्त जाते. पीळ पडताच रक्त बंद होते. हे बहुधा बारा ते अठरा या वयातील मुलांना होते, पुष्कळदा झोपेत. दुखणे एकाएकी आणि भयंकर येते, ओकारी होते, एक वृषण वर ओढल्यासारखे दिसते. मुलगा लाजेने जागा सांगत नाही, 'पोट दुखते' म्हणतो. घरात ओवा दिला जातो, हिंग लावला जातो आणि 'सकाळी बघू' असे ठरते. सहा तासांच्या आत पीळ सोडविला तर बहुतेक वृषणे वाचतात. पुरा दिवस गेला तर वाचणारे विरळाच. ज्याला 'सकाळी बघू' म्हटले, त्याचे सकाळी काढून टाकण्यापलीकडे काही उरलेले नसते.

मग हे पीळ पडणे आणि तो संसर्ग यांतला भेद घरी कसा ओळखावा? आमचे उत्तर सरळ आहे: घरी ओळखू नये. वृषण वर उचलून धरले की संसर्गाचे दुखणे कमी होते आणि पिळाचे होत नाही, असे पूर्वी शिकवीत असत. पण ही खूण फसवते, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मुलाला एकाएकी अशी वेदना झाली तर तो पीळच आहे असे धरून निघावे. वैद्य तपासतील, शक्य तेथे रक्तप्रवाह दाखविणारी सोनोग्राफी करतील, आणि संशय दाट असेल तर तिच्यासाठीही न थांबता शस्त्रक्रिया करतील. संसर्ग निघाला तर एक फेरी फुकट गेली, एवढेच.

आता या सहा तासांचा हिशेब आपल्या जिल्ह्याच्या नकाशावर मांडून पाहा. आपला नगर जिल्हा, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा. चौदा तालुके. एका टोकाला कळसूबाईच्या पायथ्याचा अकोले तालुका, दुसऱ्या टोकाला बालाघाटाच्या बाजूचे जामखेड. वाडीवरून फाट्यापर्यंत, फाट्यावरून तालुक्याला आणि तेथून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळापर्यंत येता येताच घड्याळाचे काटे पुष्कळ पुढे सरकतात. अंतर आपल्या हाती नाही. हाती आहे ते एवढेच, की लाजेपायी घरी घालविलेले तास वाचवावेत. १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, ती पैसे घेत नाही. आणि रात्री फोन करताना जागेचे नाव घ्यावयास लाजू नये, कारण त्या एका शब्दावरून पुढची घाई ठरते.

आता मूत्रमार्गाने न येता रक्तातून वृषणापर्यंत पोहोचणाऱ्या संसर्गांकडे वळू. त्यांतला एक तर आपल्या जिल्ह्याच्या गोठ्याशीच निगडित आहे. आपला जिल्हा दुधाचा. गावोगावी संकलन केंद्रे, दारोदारी संकरित गाई, आणि संगमनेरी शेळी तर आपल्याच मातीचे नाव लावणारी जात. या जनावरांना ब्रुसेला नावाच्या जंतूचा रोग होतो. गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडते, वार अडकते. हा जंतू माणसातही येतो. ताप येतो-जातो, रात्री घामाने अंथरूण भिजते, सांधे आणि कंबर धरते, आणि काही पुरुषांत वृषण सुजते. ताप हिवतापाचा समजून औषधे होतात, सांधे वाताचे समजून तेल चोळले जाते, आणि सुजलेल्या वृषणाविषयी तर रोगी बोलतच नाही. तिन्ही धागे एकत्र येत नाहीत, म्हणून रोग सापडत नाही.

हा जंतू सापडला त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर ब्रिटिश पलटणींमध्ये एक लांबणारा ताप होता. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने मेलेल्या शिपायांच्या प्लीहेतून त्याचा जंतू वेगळा काढला. तो येतो कोठून, हे मात्र पुढे अठरा वर्षे कळले नाही. १९०५ साली थेमिस्टोक्लिस झमित या माल्टाच्याच डॉक्टरने दाखविले, की वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या अंगात तो असतो आणि कच्च्या दुधातून माणसात जातो. १९०६ साली फौजेत ते दूध बंद झाले आणि ताप झपाट्याने ओसरला. औषध सापडण्यापूर्वीच, केवळ दूध बंद करून, रोग आटोक्यात आला.

आपल्याकडे धारोष्ण दुधाची मोठी महती. तालमीतल्या पोराला कासेखालचे दूध तसेच पाजावे म्हणजे अंग भरते, अशी श्रद्धा. आम्ही नम्रपणे सांगतो, दूध उकळूनच प्यावे. उकळीने ब्रुसेला मरतो, दुधाचे बळ मरत नाही. आणि गाभडलेले वासरू, पडलेली वार उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हातावर बांधावी, वार खोल पुरावी, हात साबणाने धुवावेत. २०१९ सालच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना या रोगाची लस देण्याची योजना आली. गोठ्यात त्या वयाची कालवड असेल तर पशुवैद्याला स्वतः विचारावे. आणि वैद्याकडे तापासाठी जाल तेव्हा 'आमच्याकडे जनावरे आहेत, मागे एक गाभडली' हे वाक्य अवश्य सांगावे. या रोगाची औषधे निदान सहा आठवडे घ्यावी लागतात. आठवड्यात सोडली तर तो परततो.

दुसरा संसर्ग क्षयाचा. क्षय म्हटला की आपल्याला खोकला आठवतो. पण तो अधिवृषणातही बसतो. तेथे तो ठणकत नाही. महिनोन् महिने एक टणक, गाठीगाठीची सूज राहते आणि कधी त्वचेला छिद्र पडून पू वाहू लागतो. दुखत नाही म्हणून दाखवीत नाहीत. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि निदान सहा महिने पुरी घ्यावी लागतात. येथे एक सावधगिरीची सूचना: न दुखणारी टणक गाठ तरुण वयात कर्करोगाचीही असू शकते. वेळीच कळला तर तो बरा होणाऱ्या कर्करोगांपैकी आहे. तेव्हा उपचारानंतरही गाठ राहिली तर पुन्हा तपासून घ्यावी.

तिसरा संसर्ग गालगुंडाचा. ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिस याने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी थासोस बेटावरील साथीचे वर्णन करताना, कानाजवळ सूज आलेल्या काहींचे वृषणही सुजले, असे नोंदविले आहे. लहानपणी हा आजार बहुधा निभावतो. वयात आल्यावर झाला तर शंभरांतील वीस-तीस पुरुषांत, गाल सुजल्यावर चार-आठ दिवसांनी, वृषण सुजते. हा विषाणू असल्याने जंतुनाशक औषधांचा उपयोग नाही. विश्रांती, आधार आणि वेदनाशामक हाच उपाय. सूज उतरल्यावर काहींचे वृषण लहान होते, पण दोन्ही बाजूंनी कायमचे वंध्यत्व क्वचितच येते. मुलांना सरकारी कार्यक्रमात मिळणारी गोवर-रुबेलाची लस गालगुंडापासून वाचवीत नाही. तिन्ही रोगांवरची लस वेगळी असते. मुलाच्या डॉक्टरांना तिच्याविषयी विचारावे.

उपचाराचे आता थोडक्यात सांगतो. प्रथम लघवीची तपासणी, मग औषध. औषध आधी घेतले तर जंतू सापडत नाही. साध्या जंतुसंसर्गात औषध दहा ते चौदा दिवसांचे असते. दोन-तीन दिवसांत ठणका कमी होतो आणि नेमका तेथेच घात होतो: 'बरं वाटलं' म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात जातात. ठणका गेला म्हणजे जंतू गेला असे नव्हे. सूज तर पुरी उतरायला काही आठवडे लागतात, तिला घाबरू नये. पडून राहावे, खाली घडी ठेवून कोश उचलून धरावा, थंड पाण्याची घडी ठेवावी. उठल्यावर लंगोट बांधावा. आपल्या पहिलवानांचे हे वस्त्र या दुखण्यात उत्तम आधार देते. तेल लावून चोळणे मात्र सर्वथा टाळावे.

परंतु 'पडून राहावे' हे सांगणे सोपे आहे. १९५०च्या सुमारास प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढे जिल्हाभर कारखाने झाले. त्यांच्या धुराड्यांना हिवाळ्यात धूर दिसू लागला की पाथर्डीच्या आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड्यांच्या टोळ्या पालांवर उतरतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता'. मुकादमाची उचल अंगावर असते. एक दिवस खाडा झाला तर दंड. त्या फडात एखाद्या गड्याचे वृषण सुजले तर तो काय करील? फडके आवळून बांधील, पेठेतल्या दुकानातून दोन गोळ्या घेईल आणि मोळी डोक्यावर उचलील. त्याला 'विश्रांती घे' असे सांगणाऱ्या आम्हां वैद्यांना उचल म्हणजे काय हे ठाऊक पाहिजे. आणि ज्यांच्या हाती त्याची हजेरी आहे, त्यांना हे कळले पाहिजे की चार दिवस पडू दिलेला माणूस पुढचे महिने काम करील, आणि न पडू दिलेला हंगाम संपण्याआधीच खचेल. सरकारी इस्पितळांत 'सुरक्षा क्लिनिक' या नावाने गुप्त रोगांची तपासणी व औषधे मोफत मिळतात. तेथे नाव गुप्त राहते. तेथे जाताना बायकोलाही न्यावे. शरीरसंबंधातून आलेल्या संसर्गात दोघांचा उपचार बरोबर झाला नाही तर तो एकाकडून दुसऱ्याकडे फिरतच राहतो.

बायकोचे नाव निघाले, म्हणून शेवटची गोष्ट सांगतो. अधिवृषणाची ती वेटोळ्यांची नळी दोन्ही बाजूंनी संसर्गाने बुजली तर बीज तयार होऊनही बाहेर येत नाही. पुरुषाला काही जाणवत नाही; त्याचे पौरुष जसेच्या तसे असते. फक्त मूल होत नाही. मग काय होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वांझ म्हणून तिला हळदीकुंकवाला बोलावीत नाहीत, ओटी भरताना तिच्यापुढून ताट पुढे जाते, तिला नवससायास करावयास लावतात आणि शेवटी दुसरीचा विचार चालतो. दहा वर्षांपूर्वी चार दिवस चोरून सोसलेले एक दुखणे आणि फडताळात राहिलेल्या सहा गोळ्या यांची शिक्षा ती भोगते. मूल होत नसेल तर पहिली तपासणी पुरुषाच्या वीर्याची करावी. ती सोपी आहे, स्वस्त आहे आणि तिच्यात कोणाला टाका घालावा लागत नाही.

आमच्या बोलण्याने सारा संकोच एका संध्याकाळी जाईल, असे आम्ही समजत नाही. पण तो जातो, हे आपल्याच जिल्ह्याने दाखविले आहे. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. गावातल्या बायका, ज्यांतील अनेकींना अक्षरओळखही नव्हती, त्यांनी निवडल्या आणि आरोग्यसेविका म्हणून शिकविल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांनी कुष्ठरोग, क्षय, बाळंतपण या विषयांवर आपल्याच गावात, आपल्याच भाषेत बोलावयास सुरुवात केली, तेव्हा लोक ऐकू लागले. ज्या गोष्टी उच्चारता येत नव्हत्या, त्या ओट्यावर बसून बोलल्या जाऊ लागल्या.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढेच करा. घरात वयात आलेला मुलगा असेल तर बापाने, बाप नसेल तर आईने त्याला जवळ बसवून सांगावे: 'तिथे कधी एकदम दुखलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मला उठव. मी रागावणार नाही.' हे वाक्य बोलावयास अर्धे मिनिट लागते. ते आधी बोलून ठेवलेले असले, तर त्या रात्री सहा तासांतला एकही तास लाजेपायी जाणार नाही.